पाच किलो दाबाचं रॉकेट

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ जानेवारी २००६

चि. दीक्षा,

काकाचा जयभीम. आधी बातमी, मग बाकीचं. तुझे रॉकेट लाँचर तयार झाले, सहाच्या सहा.

तू लिहिलं होतंस, साधंच काहीतरी करा. शीतपेयाची रिकामी बाटली, तिच्यात थोडं पाणी, सायकलच्या पंपानं हवा भरायची आणि कळ ओढली की बाटली आकाशात. शाळेतल्या मुलींना न्यूटनचा नियम डोळ्यांनी दिसला म्हणजे झालं. पण साधं काहीतरी करणं मला जमतं का? बावीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात टर्नर म्हणून काढली आणि उद्यमनगरात स्वतःचं लेथ टाकूनही आता पाच वर्षं झाली. बाटलीचं तोंड धरणारा भाग पितळेचा केलाय, कळ स्टीलची. काम पाच किलो दाबाचं, पण मी पंचवीस किलोला तपासलंय आणि तसा रिपोर्ट सही करून आत ठेवलाय. तुमच्या आफ्रिकेत कुणी म्हणायला नको की माल हलका आला.

तुझ्या सांगण्याप्रमाणे नकाशे गल्लीतल्या स्वप्नालीनं तिच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवले. जगात कुणीही बघा, कुणीही करा, फुकट. खाली तेवढं 'नागसेन कुरणे, कोल्हापूर' असं घातलंय. कारखान्यात जे काही केलं त्यावर मालकाचा शिक्का बसायचा. माझ्या नावाची ही पहिलीच वस्तू, म्हणून जरा जास्त जीव लावला. हसू नकोस.

पेटी उदयसिंह एजंटाकडं सोपवली. तो इथल्या कारखान्यांचा माल बाहेर देशी पाठवतो. पेटीवर पेंटरकडून लाल रंगात इंग्रजीतून लिहून घेतलंय, 'रॉकेट लाँचर, हाय प्रेशर, मेड इन कोल्हापूर'. लांबून वाचता येतं.

मुरगूडला तुझे आईबाबा बरे आहेत. काकी विचारते, तिथं भाकरीचं पीठ मिळतं का.

तुझा काका,
नागसेन


किसुमू, केनिया
२ फेब्रुवारी २००६

ती. काका आणि काकी,

जयभीम. पत्र कालच आलं आणि आज वर्गात वाचूनही झालं. म्हणजे मी इंग्रजीत सांगत गेले आणि मुली ऐकत होत्या. पंचवीस किलोचं सांगितल्यावर पहिल्या बाकावरची अकिनी म्हणाली, टीचर, तुमचे काका आम्हाला चंद्रावर पाठवणार आहेत का?

काका, इथं दोन वर्षं मी फळ्यावर बाण काढून क्रिया आणि प्रतिक्रिया शिकवतेय. मुली पाठ करतात, लिहितात, विसरतात. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्याची किल्लीही सापडत नाही. ८ जुलैला नैरोबीत सगळ्या शाळांचं विज्ञान संमेलन आहे. आमच्या शाळेनं आजवर तिथं नाव घातलेलं नाही. यंदा मी घातलंय, तुमच्या लाँचरच्या भरवशावर. मुलींनी बाटल्या गोळा करायला सुरुवात केली आहे आणि वर्गात आता बसायला कमी आणि बाटल्यांना जास्त जागा आहे.

काकींना सांगा, इथं मक्याचं पीठ मिळतं. त्याची भाकरी थापताना मोडते, पण मीही हट्टी आहे.

पेटी कधी निघाली ते कळवा.

तुमची,
दीक्षा


कोल्हापूर
२७ फेब्रुवारी २००६

चि. दीक्षा,

सगळं ठीक. पेटी मुंबईला कस्टममध्ये थोडी थांबली आहे. कागदाचा काही घोळ आहे, उदयसिंह बघतोय. तू मनाला लावून घेऊ नकोस. मुलींना बाटल्या गोळा करू दे, फक्त त्यांची तोंडं चेपलेली नसावीत, नाहीतर हवा धरणार नाही.

इथं ऊन वाढलंय. बाकी विशेष नाही.

तुझा काका

ता. क. दीक्षा, मी ललिताकाकी लिवते. तुजं काका पत्र पाकिटात घालून चहा प्यायला गेल्यात तवर. त्यांनी काय लिवलंय ते वाचलं, काय बी लिवलं न्हाई. मागल्या मंगळवारी दोन साहेब शॉपवर आलते. पेटीवर रॉकेट लाँचर बघून मुंबईस्नं इचारणा आली म्हणं, ह्यो माणूस कोण, तोफा करतोय का काय. तीन तास बसलं. माणसं वाईट न्हवती, चहा घेतला, पर सगळं लिवून नेलं. शेजारचं शॉपवालं दारात हुबं ऱ्हाऊन बघत हुतं. तवापास्नं काका जेवताना बोलत न्हाईत. मी लिवलंय हे त्यास्नी सांगू नगंस.


किसुमू
२० मार्च २००६

ती. काका,

पेटीबद्दल कळलं. मी इथंही चौकशी केली. आमच्या गल्लीत एक गुजराती दुकानदार आहेत, त्यांचा सगळा माल मुंबईहून येतो. ते म्हणाले, रॉकेट हा शब्दच घालायला नको होता. निर्यातीच्या वस्तूंची सरकारची एक खास यादी असते. शस्त्रांच्या, क्षेपणास्त्रांच्या उपयोगी पडेल असं काहीही परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. त्या यादीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी सोपा उपाय सांगितला. पेटी परत मागवा, वरचं रंगवून टाका आणि 'बागेला पाणी मारायचे नोझल' म्हणून पाठवा. पितळी आहे, पाणी आहे, हवा आहे, कुणाला शंका येणार नाही. सगळे असंच करतात म्हणे.

काका, मला तुमची काळजी वाटते. एवढ्याशा खेळण्यासाठी तुम्हाला कुणी प्रश्न विचारावेत हे मला नको आहे. नोझल म्हणून पाठवा आणि मोकळे व्हा. मुलींना काय, उडाल्याशी कारण.

तुमची,
दीक्षा


कोल्हापूर
८ एप्रिल २००६

दीक्षा,

तुझं पत्र वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही, तेव्हा सरळच लिहितो.

एवढंसं खेळणं म्हणालीस. असू दे. पण बागेचं नोझल? माझ्या आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, छप्पन साली धर्म बदलला. पुढच्या वर्षी मी झालो. नव्या धर्मातलं घरातलं पहिलं पोर, म्हणून नागसेन नाव ठेवलं. शाळेत घालायला नेलं तर मास्तर म्हणाले, नाव फार अवघड आहे, नागू घालतो. आबा शेतमजूर, पायात चप्पल नाही, मास्तरांसमोर कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी ते म्हणाले, "मास्तर, पुरतं नाव लिवा. त्येच्यासाठनंच एवढं केलंय." मास्तरांनी लिहिलं. आता तू मला सांगतेस की माझ्या हातची पहिली वस्तू दुसऱ्याच नावानं पाठवू. ती गेली तर रॉकेट लाँचर म्हणून जाईल, नाहीतर शॉपमध्ये पडून राहील.

तुझ्या काकीनं तुला कळवलंय हे मी ओळखलं, कारण 'प्रश्न विचारावेत' असं तू लिहिलंस आणि मी तर तसं काही लिहिलं नव्हतं. बरं झालं कळलं ते. साहेब लोक आले होते. चूक माझी होती. लाल रंगात हाय प्रेशर लिहिलं, वर पंचवीस किलोचा रिपोर्ट जोडला. त्यांनी काय समजायचं? त्यांचं ते कामच आहे.

उदयसिंहनं ती यादी छापून आणली. स्वप्नाली डिक्शनरी घेऊन बसली आणि आम्ही तिघांनी तिच्या कॅफेत बसून ती वाचली. खरी क्षेपणास्त्रं, तोफा, अशी फार मोठी माणसं त्या यादीत आहेत, आपलं रॉकेट त्यांच्या पायाशीही नाही. उदयसिंह म्हणाला, "मग इचारायचं की सरळ दिल्लीला, हे तुमच्या यादीत बसतंय का न्हाई." तसा अर्ज असतो. वस्तू काय, कशाची, किती ताकदीची, कोण वापरणार, कशासाठी. मी पहिल्यांदा लिहिलं ते उदयसिंहनं फाडलं. त्याचं म्हणणं, हा माल विकायचा कागद नव्हे. मग पुन्हा लिहिलं. पाच किलो दाब, पाणी आणि हवा, दारू नाही, आग नाही, उंची एका नारळीच्या झाडाएवढी. आपल्या मालाबद्दल इतकं कमी मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, पण खरं तेवढंच होतं.

आता एक कागद तुझ्याकडून हवा. हे लाँचर शाळेतच राहतील, शिकवण्यासाठीच वापरले जातील आणि दुसऱ्या कुणाला दिले जाणार नाहीत, असं शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापिकांच्या सहीनं. त्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. अर्जाची प्रत सोबत ठेवलीय. ताबडतोब पाठव.

काका


किसुमू
६ मे २००६

ती. काका,

माफ करा. हे पत्र मी तीनदा सुरू केलं.

तुम्ही मागितला तो कागद मी मार्चमध्येच मागितला होता. दुकानदारांनीच सांगितलं होतं की असा कागद लागतो. मी मुख्याध्यापिकांकडं गेले आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं. रॉकेट लाँचर आमच्याकडे आहे अशा कागदावर मी सही करायची? उद्या पोलीस आले तर शाळा कोण चालवणार? असं त्या म्हणाल्या आणि त्यांचं खोटं नव्हतं. मला तुम्हाला ते कळवायची लाज वाटली. तुम्ही इतक्या आनंदानं केलं आणि ज्या शाळेसाठी केलं तिलाच ते नको आहे, हे कसं लिहू? म्हणून ती नोझलची वाट काढली. तुमच्या काळजीचं फक्त निमित्त केलं. तुमच्या कामाची मला लाज वाटते असं तुम्हाला वाटलं असेल तर ते तेवढं मनातून काढून टाका.

तुमचं एप्रिलचं पत्र घेऊन मी परत त्यांच्याकडं गेले. आजोबा आणि मास्तरांची गोष्ट मी त्यांना जशीच्या तशी इंग्रजीत वाचून दाखवली. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या की लहानपणी मिशनच्या शाळेत त्यांचंही नाव बदललं होतं, कारण तिथल्या बाईंना उच्चार जमत नव्हता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांनी कॉलेजात गेल्यावर स्वतः परत लावून घेतलं. नंतर त्यांनी अर्जाची तुमची प्रत मागितली, एकेक ओळ वाचली आणि आग नाही, दारू नाही या ओळीखाली रेघ मारली. सही केली. शिक्क्याला शाई कमी होती म्हणून दोनदा मारला.

कागद सोबत आहे. संमेलनाला दोन महिने उरलेत. मुलींना मी काहीच सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात.

तुमची,
दीक्षा


कोल्हापूर
२९ मे २००६

चि. दीक्षा,

तुझ्या मुख्याध्यापिकांना माझा जयभीम सांग. त्याचा अर्थही सांग.

तुझा माझा हिशेब मिटला. तू लपवलंस, मीही लपवलं होतं. आपल्या घरात सगळ्यांना एकमेकांना जपायची खोड आहे आणि त्यातून नुसता घोटाळा होतो.

अर्ज कागदासह दिल्लीला गेला. परवा उदयसिंहच्या ऑफिसातून तिथं फोन लावला. एका बाई अधिकाऱ्यांनी घेतला. त्या म्हणाल्या, प्रकरण साधं दिसतंय, पण तपासायला वेळ लागेल, जुलैच्या आधी उत्तराची खात्री नाही. माझा चेहरा पडला. मग त्यांनी आपण होऊन विचारलं, याचे नकाशे कुठं आहेत? मी सांगितलं, इंटरनेटवर, सगळ्यांना खुले. त्या म्हणाल्या, जी माहिती आधीच सगळ्या जगाला खुली आहे ती पाठवायला आमचा परवाना लागत नाही. तुमची पुतणी ते नकाशे तिथंच उतरवून तिथल्याच एखाद्या टर्नरकडून करून घेऊ शकते. फक्त सगळी माहिती खुली आहे, काहीही राखून ठेवलेलं नाही, असं अर्जाला जोडून लिहून द्या.

उदयसिंहनं लगेच टाईप करून कागद पुढं सरकवला. आणि मला सही करता येईना.

दीक्षा, तुला खरं सांगतो, अजून काकीशिवाय कुणाला माहीत नाही. नकाशात मी एक माप घातलेलं नाही. बाटलीचं तोंड जिथं बसतं तिथं रबरी रिंगसाठी एक खाच आहे. तिची खोली मी गाळली. ती जरा इकडं तिकडं झाली की हवा गळते आणि रॉकेट जागचं हलत नाही. आमच्या उस्तादांनी मला असंच शिकवलं, की गिऱ्हाइकाला नकाशा द्यावा पण एक माप आपल्या हातात ठेवावं, म्हणजे तो परत आपल्याकडंच येतो. उद्यमनगरात प्रत्येक जण ठेवतो. जगाला फुकट म्हणून सांगताना मी मुठीत एक माप धरून बसलो होतो आणि हे मला त्या दिवसापर्यंत खटकलंही नव्हतं.

काकीला घरी येऊन सांगितलं. ती भांडी घासत म्हणाली, "मग त्यो नकाशा कशाला म्हंत्यासा? अर्धवट सांगून पोरीस्नी फसवलासा की."

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीकडून नवा नकाशा चढवला. खाचेची खोली दोन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर, रुंदी तीन, आणि त्याखाली कशी तपासायची तेही. मग सही केली.

आता तू टर्नर शोध. माझ्या हातचं तिथं उडणार नाही याचं वाईट वाटतं, पण मुलींचं संमेलन चुकायला नको.

काका


किसुमू
१४ जुलै २००६

ती. काका, ती. काकी,

उडालं!

क्रमानं सांगते. बाजारामागं उघड्यावर पत्र्याच्या सावलीत कारागिरांची रांग आहे. तिथं ओटिएनो नावाचे एक टर्नर आहेत, तुमच्याच वयाचे आणि तुमच्यासारखेच तापट. नकाशा बघून म्हणाले, कुणी काढलाय? हा माणूस काम जाणतो. पितळ नव्हतं तर जुने नळ वितळवून ओतलं. रबरी रिंग त्या मापाची मिळेना तर ट्यूब कापून केली आणि खाच थोडी खोल घेतली. मी म्हटलं, मापाबाहेर जाऊ नका. ते म्हणाले, ट्यूबचं रबर मऊ असतं, तुमच्या काकांनी हे रबर वापरलं असतं तर त्यांनीही हेच केलं असतं. पहिल्या दिवशी गळलं. दुसऱ्या दिवशीही गळलं. तिसऱ्या दिवशी धरलं.

८ तारखेला नैरोबीत, मोठमोठ्या शाळांच्या महागड्या वस्तूंच्या मधे, आमच्या मुली नळाच्या पितळेचं लाँचर घेऊन उभ्या. परीक्षकांनी विचारलं, बाटली वर का गेली? अकिनीनं फळ्यावरचं वाक्य सांगितलं नाही. म्हणाली, पाण्याला खाली ढकललं म्हणून पाण्यानं तिला वर ढकललं, थांबा, कमी पाणी घालून दाखवते. आणि दाखवलं. एक बाटली शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेली ती अजून तिथंच आहे. आम्हाला तिसरा नंबर मिळाला. मी रडले, मुली मला हसल्या. मुख्याध्यापिकांनी सोमवारी सगळ्या शाळेसमोर ते उडवून घेतलं आणि स्वतः कळ ओढली.

ओटिएनोंनी विचारलंय, त्यांची मऊ रबराची खाच तुमच्या नकाशात चालेल का? मी तुमच्या वतीनं काही बोलले नाही.

तुमची,
दीक्षा


कोल्हापूर
५ ऑगस्ट २००६

चि. दीक्षा,

काकी तुझं पत्र गल्लीत वाचून दाखवतेय, मला परत मिळायला दोन दिवस लागले.

ओटिएनोचं बरोबर आहे. वाचल्यावर पहिल्यांदा चिडलो, मग ट्यूब कापून करून पाहिलं. मऊ रबराला दोन पूर्णांक चार दशांश लागतं. नकाशात तशी दुसरी ओळ घातली आणि तिच्यापुढं त्याचं नाव लिहिलं. त्याचं आडनाव कळव, अर्धं नाव घालायचं नाही.

दिल्लीचं पत्र आलं. वस्तू यादीत बसत नाही, परवान्याची गरज नाही. खाली अधिकाऱ्यांची सही आणि वर विषयात लिहिलंय, 'शैक्षणिक वॉटर रॉकेट लाँचर, उत्पादक नागसेन कुरणे'. शेजारचे शॉपवाले, जे मागं दारात उभं राहून बघत होते, त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं आणि पत्र टेबलावर ठेवलं. एवढा हलकटपणा मला माफ कर. पेटी गेल्या आठवड्यात बोटीवर चढली. या वेळी पेंटरला बोलावलं नाही. पोचल्यावर दोन तुझ्याकडं ठेव, चार दुसऱ्या शाळांना दे. म्हणजे शाळेबाहेर देणार नाही असं आपण लिहून दिलंय, तेव्हा आधी मुख्याध्यापिकांकडून तसं लिहून घेऊन मला पाठव, मी दिल्लीला कळवतो, मग दे.

आता कालची गोष्ट. राधानगरीकडचे एक मास्तर शॉपवर आले, कृष्णात म्हणून. गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवीतून एक पितळी वस्तू काढली. मी बघितली तर आपलं लाँचर. गावातल्या पंपदुरुस्तीवाल्याकडून करून घेतलेलं, जरा ओबडधोबड, पण खाच बरोबर. म्हणाले, पोरं रोज उडवतात, एक पुरत नाही, आणखी दोन करून द्याल का, नकाशा आणलाय. आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढं पसरला. शॉपच्या पाटीवर माझं नाव नाही, नुसतं 'सुजाता इंजिनिअरिंग' आहे, त्यामुळं त्यांना मी कोण ते कळायचं काही कारण नव्हतं.

मी विचारलं, नकाशा कुणाचा? ते म्हणाले, "कुणी मोठा इंजिनेर हाय. फॉरेनला असंल बघा. असली माणसं हितं कशाला ऱ्हात्यात."

काकी डबा घेऊन आली होती. ती बोलायला लागली तसं मी तिला हातानं थांबवलं. मास्तरांना म्हटलं, पावणं, काय नाव म्हणालासा त्या इंजिनेरचं? त्यांनी चष्मा लावला, कागदावर बोट ठेवलं आणि नागसेन कुरणे, कोल्हापूर, असं मोठ्यानं वाचलं. कोल्हापूर म्हणताना ते थांबले, त्यांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. काकीनं डबा उघडला आणि त्यांना जेवायला बसवलं.

तुझा,
नागसेनकाका